सकाळची उंची

शनिवारी सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी लास गार्सास मॉलच्या उत्तरेकडच्या दारातून आत शिरलं ते असं: एक आई, दोन मुलं, तीन धड चाकांची आणि एका रुसलेल्या चाकाची बाबागाडी, अरेपा म्हणतात त्या मक्याच्या सहा जाड भाकऱ्या, पाण्याच्या दोन बाटल्या, चार डायपर, कपड्यांचा एक जादा जोड आणि वहीत घडी घालून ठेवलेला एक आलेख. खरेदीची यादी नव्हती. योसमारीला व्हेनेझुएला सोडून पनामात येऊन चौदा महिने झाले होते आणि या मॉलमधून तिने आजवर घरी नेलेली सगळ्यात महागडी गोष्ट म्हणजे सर्दी. घरी पंखा एक आणि माणसं तीन, म्हणून दर शनिवारी ती मुलांना घेऊन इथे फुकटचा गारवा खायला येई.

आलेख एलॉयच्या उंचीचा होता. एलॉय चार वर्षांचा. दुसऱ्या मजल्यावर मुलांची छोटी आगगाडी होती आणि तिच्या फाटकाशी एक लाकडी बेडूक हात पुढे करून उभा होता. हात जमिनीपासून बरोबर शंभर सेंटीमीटरवर. त्या हाताखालून जो न वाकता निघून जाईल, त्याला गाडीत जागा नाही. एलॉय मार्चपासून दर शनिवारी निघून जात होता.

योसमारी रसायनशास्त्राची पदवीधर. इथे ती बाटलीबंद पाण्याच्या कारखान्यात नमुने तपासायची. पाच महिन्यांचे बिंदू मांडून, त्यांतून रेघ ओढून तिने ऑगस्टमध्येच जाहीर केलं होतं, ‘अठरा ऑक्टोबरला तू शंभर होशील.’

जाहीर करणं हा तिचा जुना आजार. बाबा कार्निव्हल झाला की येतील, हेही तिनेच जाहीर केलं होतं. मग मे महिन्यात येतील. मग पाऊस कमी झाला की. तिच्या नवऱ्याचे, विल्मेरचे, कागद अजून व्हेनेझुएलात बार्किसिमेतोच्या कुठल्या तरी कचेरीतल्या टेबलावर पडून होते, आणि एलॉय आता कुठलीही तारीख ऐकली की नुसतं ‘हं’ म्हणायचा. ते ‘हं’ तिला झोंबायचं. निदान एक तारीख तिला खरी करून दाखवायची होती, आणि तिने मुद्दाम अशी निवडली होती जी कुठल्याच कचेरीच्या हातात नव्हती.

आज, अठरा ऑक्टोबरला, सकाळी सात वाजता, पलंगावरून उतरल्या उतरल्या, तिने त्याला भिंतीशी उभं केलं. शंभर पूर्णांक चार. चार मिलिमीटरची चैन.

गाडी तीनला सुरू व्हायची. तोवर सरकत्या जिन्यांवरून अकरा फेऱ्या झाल्या, माशांची टाकी दोनदा पाहून झाली, दीड वर्षाच्या मारीफेरचा जादा जोडही कामी आला. तीन वाजता तिघं फाटकाशी हजर.

“आले का आमचे नवरदेव?” गाडीवरची इत्सेल म्हणाली. तिने एलॉयचे बूट काढायला लावले, डोक्यावर पट्टी टेकवली. “नव्याण्णव पूर्णांक सात. तीन मिलिमीटर कमी, ताई.”

“शक्यच नाही. सकाळी शंभर पूर्णांक चार होता.”

“मग वाटेत आटला असेल.”

“हं,” एलॉय म्हणाला.

योसमारीने पट्टी तपासली, फरशी सपाट आहे का पाहिलं, आणि मग तिला आठवलं. पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्या दिवसभर उभं राहून दबतात. माणूस सकाळी उंच उठतो आणि संध्याकाळपर्यंत थोडा खचतो. हे तिला कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. आलेखातला एकूण एक बिंदू सकाळी सातचा होता, आणि हे सगळं ज्ञान डोक्यात घेऊन तिने आज पोराला पाच तास पायी फिरवलं होतं.

“गाडी पाचपर्यंत आहे,” इत्सेल म्हणाली. “तोवर वाढला तर आणा.”

ती थट्टा करत होती. योसमारीने घड्याळ पाहिलं.

समोरच गाद्यांचं दुकान होतं. विक्रेता आर्चिबोल्ड, पिकल्या केसांचा, टाय लावलेला, लगबगीने पुढे आला.

“कुणासाठी बघताय, मॅडम?”

“ह्याच्यासाठी. पडून बघू दे जरा.”

एलॉय आडवा झाला. मारीफेर त्याच्या पायाशी कलंडली आणि झोपून गेली. दहा मिनिटं झाली, वीस झाली.

“मॅडम, लोक नवरा निवडतात तेसुद्धा एवढा वेळ घेत नाहीत,” आर्चिबोल्ड म्हणाला.

“मी नवरा तीन मिनिटांत निवडला होता. म्हणून आता सावध झालेय.” मग तिला स्वतःचीच लाज वाटली. “खरं सांगू का, मला गादी घ्यायची नाहीये. मुलाला तीन मिलिमीटर वाढवायचंय.”

तिने सगळं सांगितलं. त्याने टायचं टोक हातात धरून पाहिलं. “सकाळी दुकान उघडतो तेव्हा हा पट्ट्याला टेकतो. आता बघा, पट्ट्याच्या खाली. मला वाटायचं, टाय सैल होतो.” त्याने एलॉयच्या डोक्याखालची उशी काढून घेतली. “असा सरळ पड, राजा. अजून तासभर. मॅनेजर आला तर तू गिऱ्हाईक.”

एलॉय छताकडे बघत पडून राहिला. “मम्मी, तू चुकलीस?”

“हो. सकाळी मोजलं आणि दुपारचं सांगितलं.”

“बाबांची तारीखपण तू सकाळी मोजली होतीस?”

आर्चिबोल्डला एकाएकी दूरची एक चादर नीट करायची आठवण झाली.

“नाही,” योसमारी म्हणाली. “ती मी मोजलीच नव्हती. नुसतीच सांगितली.”

“मग कधी येणारेत?”

“मला माहीत नाही, राजा.”

या वेळी तो ‘हं’ म्हणाला नाही.

चार वाजून चाळीस मिनिटांनी त्याला आडवाच उचलून बाबागाडीत घातलं. पाय बाहेर लोंबत होते. झोपलेली मारीफेर योसमारीच्या कडेवर, आणि गाडी ढकलायला आर्चिबोल्ड, कारण रुसलेलं चाक धक्के देत होतं आणि धक्का परवडणारा नव्हता. इत्सेलने ही वरात येताना पाहिली आणि पट्टी काढली.

एलॉय बेडकाशेजारी उभा राहिला. इत्सेलने त्याचे केस तळव्याने चापून बसवले. योसमारी गुडघ्यावर बसली आणि तिने त्याच्या टाचेखाली करंगळी सरकवून पाहिली. करंगळी सहज आत गेली. वर इत्सेलची नजर पट्टीवर होती, खाली कुणाचंच लक्ष नव्हतं.

“टाचा टेकव, राजा.”

त्याने टाचा टेकवल्या.

“शंभर सेंटीमीटर,” इत्सेलने वाचलं, “आणि एक मिलिमीटर.”