अंगठा वर

सांगलीला धावपटूंचा दम मोजायच्या लॅबमध्ये माझ्या लेकीच्या, शिवांजलीच्या तोंडावर मास्क बांधला. डॉक्टर रुक्सार तिला म्हणाल्या, "मास्कमुळं बोलता येणार नाही. ट्रेडमिलच्या पट्ट्यावर पळत राहा. सहन होईनासं झालं की अंगठा खाली कर, मी मशीन थांबवते."

वेग वाढत गेला. पोरीची मान लटपटायला लागली आणि ह्या बाई आपल्या स्क्रीनकडंच बघतायत!

"ऑक्सिजनची रेघ चढायची थांबली. आता शरीर याहून जास्त घेऊ शकत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "शिवांजली, थांबवू?"

तिनं डॉक्टरांकडं नाही, माझ्याकडं बघितलं आणि अंगठा वर केला.

मी रिटायर्ड हवालदार. मेढ्याच्या घाटात रोज पहाटे मीच तिला शिकवलेलं, 'दमलीस का?' विचारलं की अंगठा वर करायचा, म्हणजे नाही दमले. नाहीतर परत पायथ्यापासून पळायचं.

तिचे पाय अडखळले. अंगठा वरच.

"आवं, बंद करा ते!" मी ओरडलो.

मशीन थांबलं. मास्क निघाला तशी ती धापा टाकत म्हणाली, "आबा, मी अंगठा खाली न्हाई केला. परत पायथ्यापासनं नको."