सुमार

"पुन्हा वाचा मास्तर. तेवढंच."

दस्तगीरनं क्लॅरिनेट मांडीवर आडवं घेतलं. हिंगोलीकडच्या गोरेगावच्या हॉटेलात शाळेच्या किशनराव मास्तरांनी पेपर पुन्हा उघडला. "'नव्याण्णव सालच्या सुमार कॅसेटांमध्ये गायिका सिमरनच्या या नाचगाण्यांची गणना करावी लागेल.'"

"ऐकलं का खेमा? शुमार झाली पोरगी! मोठ्या मोठ्यांत गणती झाली तिची. आन् तू म्हनत व्हतास, नुसता गोंगाट हाय."

ड्रमवाल्या खेमानं चहाची बशी तोंडाला लावली. मास्तरांनी पेपरातल्या खालच्या ओळींवर हात ठेवला. घरी उर्दू बोलणाऱ्या या भल्या माणसानं सुमारचा सरळ उर्दूतला शुमार, म्हणजे गणती, केला होता. खाली तर 'चाली उसन्या, आवाज पातळ' असंही छापलं होतं. पण दोन लग्नसराया दस्तगीरच्या बँडला कुणी विचारत नव्हतं. 'म्हाताऱ्यांचा बँड' म्हणत आणि हिंगोलीवाल्या पोरांच्या बँडला नेत. पुसेगावचं एक लग्न कसंबसं मिळालं होतं. तिथं रंग भरला नाही, तर चाळीस वर्षांचं क्लॅरिनेट खुंटीला लागणार होतं. ही कॅसेट त्याला मनापासून आवडली होती. पंचावन्नाव्या वर्षी आपला कान अजून शाबूत आहे, एवढंच त्याला कुणाकडून तरी ऐकायचं होतं. मास्तरांनी पेपराचा तेवढा तुकडा फाडून त्याच्या हातात दिला.

पुसेगावात नवरदेव मारुतीला नारळ फोडून निघाला आणि दस्तगीरनं सिमरनचं गाणं काढलं. मारुती ते मांडव दोनशे पावलं, वरातीला दीड तास लागला. नवरदेवाच्या मावश्या नाचल्या, त्यांना आवरायला आलेले मामा नाचले. मुहूर्त टळला तसा नवरीचा आजा नामाजी काठी आपटत आला आणि दोन कडवी काठीसकट नाचून परत गेला. बँडवाल्यांची समीक्षा अशीच असते. गाणं जितकं खरं, तितका मांडव लांब. जेवणं उरकेपर्यंत बँडला आणखी तीन लग्नं मिळाली.

परतताना बँडच्या जीपमध्ये, सोबत लग्नाला आलेल्या मास्तरांना राहवेना. "दस्तगीरभाई, माझं चुकलं. सुमार म्हंजे बेताचं, हलकं. पेपरवाल्यानं नावं ठेवली व्हती तिला."

दस्तगीर क्लॅरिनेट पुसायचा थांबला. मग हसला. "हिंगोलीवाल्यांना मराठी चांगली येती म्हना की."

"काहून?"

"त्यायनं बराबर वाचलं. म्हनून तर ही गानी बसवली न्हाईत."

खेमासुद्धा हसला. दस्तगीरनं खिशातून कात्रण काढलं, गुडघ्यावर सरळ केलं. आता मात्र त्याला खरंच वाईट वाटलं.

"मास्तर, त्या पोरीनं बी हे वाचलं आसंल. आज पुसेगावात काय झालं, ते तिला कोन सांगनार?"

मास्तरांनी खिशातलं लाल पेन काढलं. तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासलेल्या हातानं त्यांनी कात्रणातल्या 'सु'वर काट मारली, वर 'शु' लिहिलं आणि समासात सही केली. जीप खड्ड्यांतून चालली होती, तरी अक्षर वळणदार आलं.