तिसऱ्या गिअरचे गाणे

मित्रांनो, मी एक जुनी निळी गाडी आहे. वय अठ्ठावीस. माणसाचे अठ्ठावीस म्हणजे ऐन तारुण्य, पण गाडीचे अठ्ठावीस म्हणजे काठी टेकायची वेळ. मला चार दारे आहेत, ऐसपैस डिकी आहे, मागे तिघे आरामात बसतात. बाहेरून पाहाल तर मी अगदी संसारी दिसते. पण कुणी माझे बॉनेट उघडून पाहिले की त्याच्या भुवया वर जातात. आतून मी धावपटू आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे एक चष्मेवाले तपासनीस होते. त्यांच्याजवळ तपासणीची यंत्रे होती, पण शेवटी ते लाकडी दांड्याचे एक टोक इंजिनावर टेकवत आणि दुसरे कानाला लावत. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी बराच वेळ डोळे मिटून ऐकले आणि म्हणाले, "ही गाते. जाऊ द्या हिला." मला मिळालेली ती पहिली शाबासकी. ती मी अजून जपून ठेवली आहे.

मला घ्यायला आले ते जोडपे मला आजही जसेच्या तसे आठवते. बाई नर्स होत्या. गावोगाव फिरून बाळंतपणे करणे हे त्यांचे काम. त्यांचे यजमान दारे-खिडक्या बनवणारे सुतार. त्यांनी आल्याबरोबर खिशातून टेप काढली आणि माझी डिकी मोजायला लागले.

"अहो, गाडी बघायला आलोय आपण, कपाट नाही," बाई म्हणाल्या.

"फळ्या मावायला नकोत का? आणि संसाराला एवढी पळणारी गाडी हवीच कशाला?"

बाई सरळ स्टिअरिंगवर बसल्या, यजमान मागे बसले आणि आम्ही एक फेरी मारून आलो. पहिल्या वळणावर मागून "अगं, हळू!" असे ऐकू आले, दुसऱ्या वळणावर नुसतेच "अगं!" परत आलो तेव्हा बाईंचे गाल लाल झाले होते.

"हीच," त्या म्हणाल्या.

"अगं, पण फळ्या..."

"मागची सीट पाडली की मावतात. मी बघून ठेवलंय."

अशी मी त्यांच्या घरी आले.

मित्रांनो, लोक विचारतात, जुन्या गाडीत एवढे काय असते? मी सांगते. रस्ता ओला आहे, पुढे खडी सुटली आहे, डावे चाक खड्ड्याच्या काठावरून गेले आहे, हे सारे मी स्टिअरिंगमधून बाईंच्या तळहातांना सांगत असे. मध्ये कुणी दुभाष्या नव्हता. त्यांनी पाय हलकेच दाबला की मी लगेच निघे. त्या घाईत आहेत की दमल्या आहेत, हे मला त्यांच्या गिअर बदलण्यावरून कळे.

एकदा भर दुपारी टेकडीपलीकडच्या वस्तीतून निरोप आला. एरवी तो पाऊण तासाचा रस्ता. त्या दिवशी आम्ही तो अर्ध्या तासात कापला, पण एकाही वळणावर माझे चाक घसरले नाही. बाई बॅग घेऊन धावत आत गेल्या. नाळेचा वेढा गळ्याभोवती घेऊन बाळ आले होते. बऱ्याच वेळाने आतून रडण्याचा आवाज आला. बाई परत येऊन बसल्या तेव्हा त्यांनी क्षणभर स्टिअरिंगवर कपाळ टेकले. मग लहान मुलाला थोपटावे तसे मला थोपटले. माझ्या अंगावर रंगाचे नवे तीन हात चढवले असते, तरी मला इतके बरे वाटले नसते.

बाईंना उशीर होऊ नये म्हणून यजमानांनी माझे घड्याळ सात मिनिटे पुढे करून ठेवले होते. बाईंना ते ठाऊक होते. त्या रोज मनातल्या मनात सात वजा करत आणि निवांत चहा संपवत. पण घड्याळ मात्र कुणी मागे केले नाही.

मग घरात मुलगी आली. ती मागच्या सीटवर वाढली. तोंड मिटून ती माझ्यासारखा आवाज काढी. पहिल्या गिअरला जाड, घोगरा, दुसऱ्याला जरा चढा. नदीकाठचा चढ लागला, बाईंनी तिसरा टाकला, की आम्हा दोघींचा सूर एक होई. म्हणून तिचे नाव पडले भुंगा. "आज इंजिनं दोन बसवलीयेत वाटतं," तिचे बाबा पुढून म्हणत. ती आणखी जोरात गुणगुणे आणि चढ संपायच्या आत झोपी जाई.

माझी देखभाल एक मिस्त्री करत. त्यांनी पहिल्याच वर्षी बजावले होते, "ताई, गाडीसमोर विकायची गोष्ट काढायची नाही. रुसते ती." यजमान हसले, पण तो नियम त्या घरात कायमचा झाला. पुढे कधी शेजारच्यांनी नवी गाडी आणली, कधी माझे काही मोठे काम निघाले, की दोघे उठून स्वयंपाकघरात जात आणि दार लावून बोलत. स्वयंपाकघराची खिडकी गॅरेजमध्ये उघडते, हे अठ्ठावीस वर्षांत कुणाच्या ध्यानात आले नाही.

वर्षे गेली. भुंगा शिकून मोठ्या शहरात नोकरीला लागली. मग एका वर्षी यजमान माझ्यात बसेनासे झाले. त्यांची चपटी सुतारी पेन्सिल दाराच्या कप्प्यात तशीच राहिली. बाई कप्पा पुसताना ती उचलत, खाली पुसत आणि पुन्हा तिथेच ठेवत.

त्यानंतर बाईंच्या डाव्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. क्लच दाबायचा नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. भुंगा बदली घेऊन घरी राहायला आली आणि येताना एक पांढरी नवी गाडी घेऊन आली. तिला क्लच नव्हता. तिचे गिअर तीच बदलत असे. ती पांढरी पोरगी गुणी होती, मी उगीच नावे ठेवणार नाही. पण पहिल्याच दिवशी ती चालवत बाजारातून येताना बाईंचा डावा पाय सवयीने क्लच शोधायला गेला आणि रुंद ब्रेकवर जोरात पडला. भुंगाच्या मांडीवर अंड्यांचा ट्रे होता.

"आई, तो क्लच नाहीये!" केस पुसत भुंगा ओरडत घरात शिरली.

"मग एवढा मोठा करून तिथे ठेवलाय कशाला?" बाई म्हणाल्या.

असे तीनदा झाले. मग बाईंनी गाडी चालवणेच सोडले. माझ्यावर फुलाफुलांची जुनी चादर आली. अकरा महिने मी त्या चादरीखाली काढले. बॅटरी संपली, चाकांतली हवा बसली. एक मांजर बॉनेटवर झोपायला येई, तेवढीच मला ऊब.

आणि एके दिवशी खिडकीतून आवाज आले.

"आई, ती उभ्या उभ्या सडतेय. चालवणार कोण?"

"तू."

"मला ती येत नाही गं. मी शिकलेच बिनक्लचच्या गाडीवर. ते शाळेतले व्यायामाचे मास्तर किती दिवस तिच्याबद्दल विचारतायत. नीट ठेवतील."

मग कप बशीत ठेवल्याचा आवाज आला.

"रविवारी बोलाव त्यांना," बाई म्हणाल्या. "पण व्यवहाराचं बोलणं इथे, आत. तिच्यासमोर नाही."

मित्रांनो, त्या दिवशी माझ्यात बॅटरी नव्हती हे बरेच झाले. नाहीतर मी नक्कीच हॉर्न वाजवला असता.

रविवारी सकाळी मिस्त्री नवी बॅटरी बसवून, हवा भरून गेले. जाताना माझ्याकडे बघायचे त्यांनी टाळले. मग मास्तर आले. उंच, ताठ, बोलताना दोन्ही हात कमरेवर. माझ्यासारखी गाडी त्यांना शाळकरी वयापासून हवी होती. त्यांनी माझ्याभोवती तीन फेऱ्या मारल्या. बाईंनी त्यांना माझे सगळे दोष सांगायला सुरुवात केली.

"मागची दोन्ही दारं आतून उघडत नाहीत, बाहेरून वर उचलून ओढावी लागतात. घड्याळ सात मिनिटं पुढे आहे, ते तसंच असू द्या. सकाळी सकाळी दुसरा गिअर घाईने टाकायचा नाही, तिला आवडत नाही. आणि धुताना..."

"काकू," मास्तर हसून म्हणाले, "गाडी देताय की मुलगी सासरी पाठवताय?"

बाई हसल्या नाहीत.

गॅरेजमधून निघायची वाट अरुंद. एका बाजूला यजमानांच्या उरलेल्या फळ्या अजून उभ्या होत्या. "बाहेर तुम्हीच काढून द्या," मास्तर म्हणाले आणि मागे बसले. बाईंना क्लचची बंदी. तेव्हा नाइलाजाने भुंगा पुढे बसली. तिने तीनदा मला बंद पाडले. चौथ्यांदा मी हिसका देऊन कशीबशी रस्त्यावर आले.

"चल, नदीपर्यंत," शेजारी बसत बाई म्हणाल्या.

नदीकाठचा चढ लागला तरी भुंगा पहिल्याच गिअरमध्ये होती. माझा जीव कळवळला. तिच्या कपाळावर घाम आला. "कधी बदलायचा तेच कळत नाहीये!"

"भुंगा, गाणं म्हण."

"आई, मी काय लहान आहे का आता? मागे माणूस बसलाय!"

"म्हण गं."

तिने तोंड मिटले आणि लाजत लाजत सूर धरला. जाड, घोगरा. तो सूर चढत गेला, आणि जिथे तो लहानपणी मोडत असे, तिथे तिचा पाय क्लचवर गेला, हात आपोआप खाली आला. दुसरा गिअर. पुन्हा सूर चढला. मग तिने तिसरा टाकला, आणि मित्रांनो, किती वर्षांनी आम्हा दोघींचा आवाज एक झाला! बाईंनी दाराच्या कप्प्यातली पेन्सिल मुठीत घट्ट धरली होती. नदीचे वळण केव्हाच मागे पडले. आम्ही थेट टेकडीपर्यंत जाऊन आलो. मागून मास्तरांनी एकदाच विचारले, "ही चक्कर माझी होती ना?" भुंगाने चौथा टाकला.

घरी परतल्यावर बाई हळूहळू उतरल्या. "चला मास्तर, आत बसून बोलू," त्या म्हणाल्या. आवाज अगदी कोरडा होता.

भुंगा उतरली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ती म्हणाली, "आई, ही विकायची नाही."

"अगं, तिच्यासमोर काय बोलतेस!"

"तिच्यासमोरच बोलतेय. विकायची नाही. मी चालवणार."

अठ्ठावीस वर्षांत विकण्याची गोष्ट माझ्यासमोर त्या घरात प्रथमच निघाली, ती अशी.

बाई माझ्या बॉनेटला टेकून उभ्या राहिल्या. तेवढ्यात मागून मास्तरांचा आवाज आला, "माझी काही तक्रार नाही. मला ते मघाशीच कळलं. पण कुणीतरी हे दार उचलून ओढा, मी अडकलोय."

त्यांना बाहेर काढल्यावर भुंगाने आपणहून त्यांच्या हातात किल्ली दिली. एक फेरी त्यांनी एकट्याने मारली आणि आले ते लहान मुलासारखे हसत.

आता चादर मांजराच्या टोपलीत गेली आहे. पांढरी पोरगी शेजारीच उभी असते, आमचे बरे जमते. रविवारी भुंगा मला चालवते, बाई शेजारी बसतात आणि मनातल्या मनात सात वजा करतात.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना फार काही लागत नाही. थोडे तेल, थोडी हवा आणि आठवड्यातून एकदा कुणाचा तरी हात. तुमच्या घरातही चादरीखाली कुणीतरी उभे असेल. एकदा चादर काढा, चालू करून पाहा. आणि त्याच्याबद्दल काही ठरवायचे असेल, तर खुशाल त्याच्यासमोर बोला. आम्हाला तसेही सगळे ऐकू येते. स्वयंपाकघराची खिडकी उघडीच असते.