पंखाच्या एकोणीस पिना

शर्ट बादलीत टाकण्याआधी भामाबाईंनी सवयीनं खिसा चाचपला. नवऱ्याच्या, जालिंदरच्या खिशात काय सापडेल याचा काही नेम नसे. मोटारीचे नट, वायरचे तुकडे, विझलेल्या विड्या. आज निघाली ती स्टीलची एक छोटी कडी, किल्ल्यांच्या जुडग्याला असते तशी.

"आवं, ही कुणाच्या किल्ल्यांची आणलीसा?"

जालिंदर उंबऱ्यावर चहा पीत बसला होता. त्यानं कडी हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, आणि चहाचा कप खाली ठेवला. कडी किल्ल्यांची नव्हती. ती सुभेदारांच्या विमानाची होती, आणि काल रविवारी ते विमान वीस मिनिटं आभाळात फिरून आलं होतं.

विमान म्हटल्यावर मुंबईच्या विमानतळावरचं कुणी डोळ्यांपुढं आणू नये. हे विमान म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कापड, शेजारी शेजारी दोन खुर्च्या आणि पाठीमागं एक इंजिन, ज्याला लाकडी पंखा. गावानं त्याचं नाव नाकतोडा ठेवलं होतं, आणि नाव ठेवण्यात आमच्या खटाव तालुक्याचा हात कुणी धरणार नाही. नाकतोडा राहायचा सुभेदारांच्या बंद पडलेल्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये. दार अरुंद, म्हणून पंख दुमडून आत न्यावे लागत. उडायच्या दिवशी बाहेर काढून पंख उघडायचे आणि एकोणीस पिना घालायच्या. पीन निसटू नये म्हणून प्रत्येक पिनेच्या टोकाला एक कडी.

पिना घालायचे सुभेदार आणि तपासायचा जालिंदर. हा नियम सुभेदारांनी लष्करातून आणला होता. सुभेदार उदयसिंहांची अठ्ठावीस वर्षं फौजेची हेलिकॉप्टरं दुरुस्त करण्यात गेली. तिथं ज्यानं बोल्ट आवळला त्यानं तो पास करायचा नाही, दुसऱ्यानं हात लावून पाहायचं. सुभेदार कागदावरचं एकेक नाव वाचत आणि जालिंदर त्या त्या पिनेला हात लावून म्हणे, "हाय." मग त्या नावापुढं पेन्सिलीची खूण होई. काल डाव्या पंखाच्या पुढच्या पिनेची कडी त्याला सैल वाटली. त्यानं ती काढली, डब्यातून नवी आणायची म्हणून खिशात टाकली, तेवढ्यात वडूजवरून एकाचा फोन आला की बोअरची मोटार पाणी ओढत नाही. बोलून झाल्यावर सुभेदारांनी पुढचं नाव वाचलं, आणि जालिंदर म्हणाला, "हाय."

त्या सोमवारी तो कामावर गेलाच नाही. दुपारी चोरासारखा शेडकडं गेला. नाकतोडा पंख मिटून उभा होता. त्यानं डाव्या पंखाची पीन चाचपली. तिला नवी कोरी कडी होती.

म्हणजे सुभेदारांना माहीत होतं. उतरल्यावर त्यांनी पाहिलं, कडी घातली आणि चकार शब्द काढला नाही. आरडाओरडा केला असता, चार शिव्या दिल्या असत्या, तरी जालिंदर त्या रात्री सुखानं झोपला असता. सुभेदार तोंडानं काही कमी नव्हते.

पिनेच्या खाली, चाकावर, त्यानं स्वतः केलेला मडगार्ड होता. त्याच्यावरून हात फिरवताना त्याला ते पहिले दिवस आठवले. बावीस वर्षांपूर्वी सुभेदार पेन्शनीत आले. बाकीचे फौजी येऊन घर बांधतात, ट्रॅक्टर घेतात. यांनी दोन लाकडी खोकी मागवली. आत नळ्या, तारा, कापडाच्या घड्या आणि एक जाडजूड इंग्रजी पुस्तक. हंबीरराव सरपंच तेव्हा म्हणाले होते की याला ऊन लागलंय. जालिंदरकडं पत्र्याच्या टपरीत एक शेगडा आणि ड्रिल मशीन होतं, म्हणून सुभेदार एक नळी घेऊन त्याच्याकडं आले. भोक पाडून घेतलं, आणि जाताना थांबून विचारलं, "हे बरोबर मध्यावर हाय का रं?" जालिंदरनं मोजून सांगितलं की अर्धा सूत डावीकडं सरकलंय. भोक त्यानंच पाडलं होतं. सुभेदार हसले आणि म्हणाले, "उद्यापासनं शेडवर ये."

तो उन्हाळा जालिंदरच्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा. दिवसभर लोकांच्या पाण्याच्या मोटारी उचलायच्या आणि चार वाजता शेड गाठायचं. पुस्तकातल्या चित्रावर दोघांनी वाकून बसायचं. दोन वर्षं कागदपत्रांत आणि परवान्यात गेली, तेही सुभेदारांनी नेटानं केलं, पुण्याकडं राहून उडवायला शिकले. माळावर मुरूम दाबून पट्टी केली. पण चाकं मुरमाचे खडे उडवायची आणि मागचा लाकडी पंखा टवके टवके व्हायचा. पुस्तकात याला उत्तर नव्हतं, कारण पुस्तक लिहिणारा हिरवळीवरून उडत असावा. जालिंदरनं फवारणीच्या औषधाचा निळा प्लास्टिकचा ड्रम कापला, गरम करून वाकवला आणि चाकांना मडगार्ड बसवले. पंख्याला परत खडा लागला नाही. खुर्चीच्या जागी ट्रॅक्टरची गादी, चाकांच्या जागी स्कूटरची चाकं, धुराड्याला वळण, असं करता करता मूळच्या विमानात साताऱ्याचं बरंच काही शिरलं.

आणि एक गोष्ट जालिंदर कुणाजवळ बोलला नव्हता. वस्तीतल्या मोटार दुरुस्तीवाल्याला गाव कामाला बोलवे, पैसे देई, पण एखाद्या गोष्टीत त्याचं मत कुणी विचारलं असं त्याला आठवत नव्हतं. इथं एक सुभेदार, मोठ्या घरचा माणूस, त्याच्या एका शब्दावर जीव सोपवून आभाळात जात होता. रविवारी सकाळी माळाकडं चालताना जालिंदरची मान जरा ताठ होई. भामाबाईंना ते दिसे आणि त्या गालात हसत.

आठवडाभर त्यानं बोलायचं ठरवलं आणि आठवडाभर ते राहिलं. रविवार उजाडला. या रविवारी सुभेदारांच्या थोरल्या बहीण बनुबाई सांगलीहून मुद्दाम आल्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर. मरायच्या आधी एकदा भावाच्या नाकतोड्यात बसायचं, असा त्यांनी हट्ट धरला होता. ओकारी होईल म्हणून सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. लुगड्याचा ओचा घट्ट खोवून, डोक्याला मफलर बांधून त्या ट्रॅक्टरच्या गादीवर बसल्या होत्या आणि पट्टा आणखी आवळा म्हणत होत्या.

सुभेदार वाचू लागले. जालिंदर या वेळी प्रत्येक पीन दोन बोटांत धरून, कडी फिरवून मगच बोलत होता. नववं नाव झालं आणि वाऱ्यानं सुभेदारांच्या हातातला कागद उडाला. जालिंदरनं तो बाभळीच्या बुडातून उचलला आणि धूळ झटकताना नाकाजवळ धरला.

कागदावर आजची तारीख होती. एकोणीसच्या एकोणीस नावांपुढं पेन्सिलीच्या खुणा आधीच झाल्या होत्या.

त्यानं कागद परत दिला. सुभेदारांनी दहावं नाव वाचलं, अकरावं वाचलं. जालिंदर हात लावत गेला, हाय म्हणत गेला. एकोणीस झाल्या. शेवटी सुभेदार नेहमी एकच शब्द विचारत.

"पास?"

"न्हाई," जालिंदर म्हणाला.

सुभेदारांच्या लष्करातल्या वर्कशॉपात तपासणारा नाही म्हणाला की मेजर असला तरी खाली उतरे, आणि कारण नंतर विचारलं जाई. इतक्या वर्षांत जालिंदर चार वेळा नाही म्हणाला होता. चारही वेळा कारण बोटानं दाखवता येत होतं. आज त्यानं कशाकडंच बोट दाखवलं नाही. सुभेदारांनी स्विच बंद केला आणि हेल्मेट काढलं.

"आक्का, उतर."

"का रं? मी सकाळधरनं उपाशी बसलीया."

"जालिंदर न्हाई म्हणाला."

"आन तू एवढा सुभेदार, त्याचं ऐकतूस?"

"हितं त्यो म्हणंल तसंच हाय," सुभेदार म्हणाले, आणि त्यांनी बहिणीचा पट्टा सोडवला. बनुबाई उतरल्या, मफलर सोडला, आणि निदान पोहे तरी गरम मिळतील का, असं पुटपुटत घराकडं चालू लागल्या. बाई मोठ्या मनाची. जालिंदरला त्यांनी एक वाकडा शब्द ऐकवला नाही.

शेडच्या सावलीत दोघं उभे राहिले. जालिंदरनं खिशातून कडी काढून तळहातावर धरली.

"मला ठावं हाय," सुभेदार म्हणाले.

"कागदावर आदीच खुणा करताय. कवापासनं?"

"दोन वर्सं झाली. उजवीकडची तार सैल हुती आन तू हाय म्हणालास. तवापासनं मीच आदी हात लावून बघतुया."

दोन वर्षं. जालिंदरनं मनाशी रविवार मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिली. तेवढे सगळे रविवार तो मान ताठ करून माळावर आला होता आणि त्याचा शब्द कुणीच धरत नव्हतं. त्याला रडू आलं असतं, पण राग आधी आला.

"मग मला कशाला बोलवत हुता? कीव आली व्हय माझी?"

"तसं बोलू नगंस." सुभेदारांचा आवाज खाली गेला. "मी एकाहत्तरीचा हाय, जालिंदर. घरात कोण मला अडवत न्हाई, समदी भितात. तू न्हाई म्हणालास तर मी उतरंन, एवढं एकच मला म्हाईत हुतं. दुसरं कोण हाय मला न्हाई म्हणायला?"

जालिंदरला हे कळलं. ऐकून बरंही वाटलं. पण जिथं दुखत होतं तिथं ते पोचलं नाही.

"ते तुमचं झालं," तो म्हणाला. "माझी हाय खोटी पडत हुती, त्येचं काय? मला सांगायचं हुतं. मी डोळा करून घेतला असता."

सुभेदारांनी कागदाची घडी करून खिशात टाकली. डोळा करून येतो, मग बोलवा, एवढं सांगून जालिंदर वस्तीकडं निघून गेला.

जालिंदरचा मुलगा कपिल सांगलीत गाड्यांच्या शोरूममध्ये होता. तो बापाला दोन वर्षं मोतीबिंदूसाठी चला म्हणून विनवत होता आणि बाप मोटारी पडल्यात म्हणून टाळत होता. आता बाप स्वतःच एसटीनं येऊन दारात उभा राहिल्यावर तो चकित झाला. ऑपरेशन झालं. पट्टी सोडल्यावर कपिलनं त्याला स्कूटरवर मागं बसवलं आणि मार्केट यार्डावरून घरी आणलं. हळदीची पोती उतरवणाऱ्या हमालांचे कपडे, हात, भुवया, सगळं पिवळं. इतकं पिवळं काही असतं हे जालिंदर विसरूनच गेला होता. तो वाटभर आनंदानं प्रत्येक दुकानाची पाटी मोठ्यानं वाचत आला आणि कपिलला लाज वाटली.

महिन्यानं सुभेदारांचा निरोप आला. जालिंदर सकाळी आठला शेडवर पोचला. विमान बाहेर काढलेलं, पंख उघडलेले, पिना घातलेल्या. सुभेदारांनी कागद त्याच्यापुढं धरला. नावांपुढच्या जागा कोऱ्या होत्या.

"वाचा," जालिंदर म्हणाला.

पहिली पीन, दुसरी, तिसरी. कापड इतकं विटलंय हे त्याला आजच कळत होतं. सहाव्या नावाला तो पंखाच्या मुळाशी आला, जिथं मुख्य नळी सांगाड्याला बोल्टनं धरलेली असते. पीन जागेवर होती, कडी जागेवर होती. तो हाय म्हणणार, इतक्यात त्याला बोल्टच्या खाली एक काळी रेघ दिसली. केसाएवढी. त्यानं अंगठ्यानं पुसली. काळं अंगठ्याला लागलं आणि रेघ तिथंच राहिली. धातू आतल्या आत घासून काळा पडतो तसं ते काळं होतं. नळी तडकली होती, आणि ती काही आज-काल तडकलेली नव्हती. हे पिनांच्या कागदावर कुठं लिहिलेलंच नव्हतं, म्हणून सुभेदारांच्या पेन्सिलीलाही ते सापडलं नव्हतं. बनुबाई त्याच्याच खाली मफलर बांधून बसल्या होत्या.

त्यानं सुभेदारांचं बोट धरून त्या जागेवर टेकवलं. सुभेदार चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले. अशी नळी आता कुठंच मिळायची नाही हे दोघांनाही माहीत होतं. खोकी पाठवणारा कारखाना केव्हाच बंद पडला होता. दुसरी नळी कुणी बसवली असती, तरी तिच्या भरवशावर आभाळात जायचं वय दोघांचंही राहिलं नव्हतं.

सुभेदारांनी उरलेली नावं तरीही वाचली. जालिंदरनं प्रत्येक पिनेला हात लावून उत्तर दिलं. एकोणीस झाल्या.

"पास?"

जालिंदरनं वर पाहिलं. कित्येक वर्षं तो हा चेहरा सवयीनं बघत आला होता. आज पहिल्यांदा तो नीट दिसला. गाल आत गेलेले, दाढी करताना हनुवटीखाली राहिलेले पांढरे खुंट. हा माणूस इतका कधी म्हातारा झाला, हे त्याला कळेना. त्याचा जीव तुटला.

"न्हाई, सुभेदार."

सुभेदारांनी मान हलवली. कागदावर तारीख घातली आणि पेन्सिलीच्या जागी खिशातलं पेन काढून त्याच्या हातात दिलं. तूच लिही, म्हणाले. जालिंदरनं पंखावर कागद टेकवून, नळी तडकली आहे, पास नाही, असं लिहिलं आणि खाली आपलं पूर्ण नाव घातलं. अक्षर वळणदार आलं.

मग दोघांनी पिना काढायला घेतल्या. सुभेदारांना एकेका पिनेला वेळ लागत होता. जालिंदर पंख हातावर तोलून धरून उभा राहिला. त्यानं घाई केली नाही.