वाचकाचा पांढरा सूट

बेलार्मिनोमास्तरांचा घसा बसला आणि इकडे माझं डोकं फिरलं.

महायुद्ध संपून सात-आठ वर्षं झाली होती. सरकारने दारू बंद केलेली, त्यामुळे जगाला आता सिगारशिवाय आधार उरला नाही, असं आम्ही अमेरिकेतल्या टँपा बंदरातले लोक धरून चाललो होतो. हवानाहून बोट लागायची, तंबाखूच्या गासड्या उतरायच्या आणि आमच्या कारखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर तीनशे माणसं बाकांवर बसून त्या पानांच्या सिगारी वळायची. हात गुंतलेले, डोकं मोकळं. म्हणून हॉलच्या मधोमध एक उंच मचाण होतं, त्यावर खुर्ची आणि खुर्चीत बेलार्मिनोमास्तर. ते आमचे वाचक; काम चालू असताना आम्हाला मोठ्याने वाचून दाखवायचे, आधी वर्तमानपत्र, मग कादंबरी. त्यांना मालक पगार देत नसे; आम्ही वळणारेच वर्गणी काढून देत असू. त्यामुळे खुर्चीत कोण बसणार हेही आम्हीच ठरवायचं. मास्तर आपला बसलेला घसा घेऊन हवानाला लेकीकडे गेले आणि खुर्ची रिकामी झाली.

ती माझ्यासाठीच रिकामी झाली आहे, हे ओळखायला मला एक दुपार पुरली.

त्याचं असं आहे, की माझ्या सिगारीला पोट सुटायचं. दोन्ही टोकं ठीक, मध्ये मात्र गरगरीत. आमचा मुकादम विलामिल माझ्या बाकापाशी थांबायचा, एखादी सिगार दोन बोटांत धरायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने विचारायचा, "नोफ्रिओ, हिला कितवा महिना?" सगळी रांग खिदळायची. त्या महिन्यात मात्र तो हसला नाही. म्हणाला, "महिनाअखेरपर्यंत यांची पोटं उतरली नाहीत, तर तू सासऱ्याकडे जा." गावाबाहेर माझ्या सासऱ्यांच्या गाई होत्या. मी गाईंना भीत नाही. पण त्या पहाटे उठतात.

उलट वाचकाचं काम पाहा. बसायचं, बोलायचं, पांढरा सूट घालायचा, रस्त्यात लोकांनी टोपी उचलली की मान हलवायची. माझ्या अंगातले यच्चयावत गुण या एकाच जागी कामाला येणार होते. इतर ठिकाणी त्यांना आळस म्हणत.

आवाजाचं म्हणाल, तर आमच्या इटालियन क्लबाच्या नाटकात मी न्यायाधीश झालो होतो. "घेऊन जा याला!" एवढंच वाक्य होतं, पण पहिल्या रांगेतल्या एका म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला डोळ्यांचा विकार होता, हे मला पुढे कळलं.

मी सरळ शिंप्याकडे गेलो आणि पांढऱ्या लिननचा सूट शिवायला टाकला. नेमणूक झाल्यावर धावपळ नको. सूट पाहून पिप्पिना कमरेवर हात ठेवून उभी राहिली. पिप्पिना माझी बायको. त्याच हॉलमध्ये माझ्या पुढे तीन रांगा सोडून बसायची आणि तिची सिगार आगगाडीच्या रुळासारखी सरळ यायची.

"अहो, हा कुणाच्या लग्नाचा?"

"वाचकाचा आहे."

"वाचक झालात?"

"होणार."

"आणि नाही झालात तर?"

"तू घरची असून अशी बोलतेस?"

"घरची आहे म्हणून बोलते. रोज जेवताना तुम्ही मला पेपर वाचून दाखवता. माझं सूप गार होतं आणि कोण मेलं ते कळत नाही."

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. सवयीने ते मला चांगलं जमायचं. रविवारी आवाज कमवायला मी धक्क्यावर गेलो. तिथे मोकळी हवा, वर बोटीच्या भोंग्याशी टक्कर. मी एका गासडीवर चढून अग्रलेख वाचायला घेतला. हमाल ओझी खाली ठेवून ऐकत उभे राहिले. मला धन्य वाटलं. शेवटी एकाने टोपी काढून अगदी हळुवारपणे विचारलं, "वाईट झालं हो. तुमचं कोण गेलं?"

पण माझी भिस्त नुसत्या आवाजावर नव्हती. माझी भिस्त हिशोबावर होती. सिगारी वळताना मी सिगारीकडे कमी आणि माणसांकडे जास्त पाहत असे. (पोटं सुटण्याचं कारण विलामिलने तिथे शोधायला हवं होतं.) कोण कशावर हसतो, कोण कशावर कान टवकारतो, सगळं माझ्या डोक्यात मांडून ठेवलेलं. पुढच्या रांगांतले अस्तुरियासवाले स्पेनच्या बातमीला हपापलेले. खिडकीकडचे क्यूबावाले बेसबॉलवर जीव टाकणारे. आणि मागचे आम्ही सिसिलीचे. आम्हाला एक नीट खून द्या, आम्ही दिवसभर सुखी. मी ठरवलं, परीक्षेत प्रत्येकाला मिळणाऱ्या अर्ध्या तासाचे तीन सारखे वाटे करायचे. ज्याला जे हवं ते. इतकी साधी गोष्ट आजवर एकाही वाचकाला सुचू नये, याचं मला नवल वाटत होतं.

परीक्षेच्या दिवशी आम्ही तिघं होतो. की वेस्ट बेटावरून आलेले एक शाळामास्तर, मी, आणि हवानाची अल्ताग्रासिया म्हणून एक बारीकशी बाई, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक कादंबरी. तिला पाहून मला तिची दयाच आली. मचाणाची शिडी चढतानाच हिचा श्वास संपणार.

वाचकसमितीचा प्रमुख तेलेस्फोरो. तो माझ्या शेजारच्याच बाकावर बसायचा. त्याने नियम सांगितला, जो सगळ्यांना ठाऊक होता. पान कापायची वाकडी सुरी प्रत्येकाच्या हातात असतेच. पसंत असेल त्याच्या नावाला सुरी पुढ्यातल्या फळीवर वाजवायची. एका माणसाने एकालाच. वाचन असह्य झालं तर सुरी जमिनीवर टाकायची. पण इतका अपमान आमच्या हॉलमध्ये कित्येक वर्षांत कुणाचा झाला नव्हता.

शाळामास्तरांनी साखरेच्या भावांवर वाचलं. हॉल कामाला लागला, एकदोघं डुलक्या काढू लागले. मग मी चढलो. सूट कडक, घड्याळ समोर.

अस्तुरियासमध्ये सफरचंदांचं पीक कसं आहे, इथून मी सुरुवात केली. पुढच्या रांगा उजळल्या. कुठल्या खोऱ्याला गारांनी झोडपलं ते मी सांगायच्या बेतात होतो, तेवढ्यात त्यांचा वाटा संपला. मी पान उलटलं.

"अरे, कुठलं खोरं?" एकजण ओरडला. "माझा भाऊ आहे तिथे!"

मी हात वर करून त्याला थांबवलं आणि हवानाच्या सामन्यावर आलो. आता खिडकीकडचे पुढे सरकले. शेवटचा डाव, दोघं बाद, चेंडू टाकणाऱ्याने हात मागे नेला, आणि घड्याळाने क्यूबावाल्यांचाही वाटा संपवला.

"नोफ्रिओ, जिंकलं कोण?" तेलेस्फोरोने खालून विचारलं.

"ते वेळेत बसत नाही," मी म्हणालो आणि पालेर्मोच्या एका वकिलाचं प्रेत कपाटातून काढलं.

तोवर अस्तुरियासवाला क्यूबावाल्याला म्हणत होता, तुमच्या चेंडूपायी माझ्या भावाचं काही कळलं नाही. क्यूबावाला त्याला म्हणत होता, तुझी सफरचंदं तासभर चालली. हॉलमध्ये एकही हात काम करत नव्हता. मी न्यायाधीशाचा आवाज लावला. वकिलाच्या बायकोवर संशय, भावावर संशय, स्वयंपाक्यावर संशय.

"आणि खुनी?" मागून आमच्याच गावची एक म्हातारी ओरडली.

"वेळ संपली," मी म्हणालो.

खण्णकन आवाज झाला. सुरी जमिनीवर पडली होती. कुणाची ते मी पाहिलं नाही; दुसरी पडली तेव्हाही पाहिलं नाही. शिडी उतरून मी माझ्या बाकावर बसलो. तेलेस्फोरो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "सूट छान आहे बरं का."

मग ती बाई चढली. श्वास संपला नाही. तिने कागद सोडला, पुस्तक उघडलं आणि शेजारणीशी बोलावं तशी वाचू लागली. दीपगृहाच्या रखवालदाराची विधवा. वादळाची रात्र. सकाळीच ती नवऱ्याच्या थडग्यावर फुलं वाहून आलेली. आवाज लहानच होता, पण तो ऐकू यावा म्हणून तीनशे माणसं गप्प झाली. हात मात्र सगळ्यांचे चालू. पानं कापली जात होती, वळली जात होती, जणू ते हात तिच्याच लयीवर चालले होते. मी मत्सराने कान बंद करणार होतो. पण त्या विधवेच्या दारावर थाप पडली. कोण आहे, तिने विचारलं. बाहेरून नाव आलं. सकाळी थडग्यावर वाचलेलं नाव. बाई उठली. तिने कडीवर हात ठेवला.

अल्ताग्रासियाबाईंनी पुस्तक मिटलं आणि परत कागदात गुंडाळलं.

आता पाहा. मध्येच थांबलो मीही होतो. एकदा नव्हे, तीनदा. माझ्यावर सुऱ्या पडल्या. तिच्या वेळी मात्र हॉलभर एक सुस्कारा फिरला.

तेलेस्फोरो उठला. "बाईमाणसाचं आधी घेऊ. अल्ताग्रासियाबाई?"

सुऱ्यांचा असा काही गडगडाट झाला की फळ्यांवरचा भुगा उडाला. मी मान खाली घातली आणि पाहतो तर माझ्या हातातली सुरीही फळीवर आपटत होती. चांगली जोरात. मी ती थांबवायला हवी होती. पण ती कडी उघडते की नाही, हे मला कळायलाच हवं होतं, आणि ते पुस्तक त्या बाईकडे होतं.

शाळामास्तरांना पाच-सहा वाजल्या.

"नोफ्रिओ त्रायना?"

सामसूम. एवढी, की बंदरातल्या बोटीचा भोंगा ऐकू आला. मग पुढून, तीन रांगा सोडून, एक सुरी वाजली. टक. टक. टक. पिप्पिना पाठमोरी होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

काम संपताना विलामिल आला. माझ्या फळीवरच्या दोन सिगारी त्याने उचलल्या, फिरवल्या, उजेडात धरल्या. सरळ. पिप्पिनाच्या असाव्यात तशा. ती विधवा दाराकडे चालली होती तेव्हा माझ्या हातांनी माझ्या नकळत वळलेल्या.

"या कुणाच्या उचलल्यास?"

"माझ्या आहेत."

"पोटं सुटलेली मी चालवून घेतली, नोफ्रिओ. चोरी चालवून घेणार नाही."

तेलेस्फोरो साक्ष द्यायला तोंड उघडत होता. मी त्याला डोळ्यांनी गप्प केलं. माझ्याच आहेत हे सिद्ध झालं असतं, तर उद्यापासून जन्मभर तशाच वळाव्या लागल्या असत्या. मी टोपी घेतली.

घरी जाताना पिप्पिनाने विषय काढला.

"तुम्ही कुणाला वाजवलीत ते मला सांगितलं तेलेस्फोरोने."

"हात घसरला."

"बराच वेळ घसरत होता म्हणे."

"आणि तू? तुला आवडलं होतं माझं वाचन?"

"छे हो. भयंकर होतं."

"मग वाजवलीस कशाला?"

"तीनशे माणसांत एक तरी वाजायला नको? त्या सुटाला काय वाटलं असतं?"

मी सुटाची कॉलर सारखी केली.

थोडं पुढे गेल्यावर तिनेच विचारलं, "ती उघडेल का हो दार?"

"उघडेल. तू नसतंस उघडलं?"

"बाहेर तुम्ही असता तर? आवाज ओळखून आणखी एक कडी लावली असती."

दुसऱ्या दिवशी मी सासऱ्यांकडे कामाला गेलो. त्यांनी मला पाहिलं, सूट पाहिला. "या जावईबापू. पांढऱ्या गाईजवळ उभे राहू नका, दूध काढणारी गोंधळेल." गाई पहाटे उठतात ही माझी माहिती चुकीची निघाली. त्या त्याच्याही आधी उठतात. पण दूधवाल्याला पांढरा सूट शोभतो. उलट गिऱ्हाइकं म्हणू लागली, हा स्वच्छ माणूस दिसतो, पाणी घालत नसेल. शिंप्याचे पैसे वाया गेले असं आता पिप्पिनासुद्धा म्हणत नाही.

दुधाची फेरी मी अशी लावून घेतली, की कादंबरीच्या वेळेला खेचराची गाडी कारखान्याच्या खिडक्यांखाली यावी. तिथे आधीपासून सावलीत चारदोन रिकामटेकडे ऐकत बसलेले असतात. संध्याकाळी पिप्पिना विचारते, "आजचं सांगू?" मी म्हणतो, "ऐकलंय." तरी ती सांगते, आणि विधवेच्या तोंडी स्वतःची वाक्यं घालते.

विधवेने दार उघडलं त्या दिवशी मी खिडकीखालीच होतो. आत प्रकरण संपलं आणि सुऱ्या कडाडल्या. माझ्याकडे सुरी नव्हती. मी दुधाचं माप घेतलं आणि किटलीवर वाजवलं, तितक्याच जोरात. मात्र माप किटलीवर वाजलं की पुढच्या घरी निघायचं, हे सासऱ्यांच्या खेचराला माझ्या आधीपासून शिकवलेलं होतं. ते निघालं. वर खिडकीत तेलेस्फोरो, पिप्पिना आणि अल्ताग्रासियाबाई, तिघं ओळीने उभी राहिली, आणि मी पांढऱ्या सुटात, हातात माप, दूध सांडत निघालेल्या गाडीमागे "थांब! थांब!" करत न्यायाधीशाच्या आवाजात धावत होतो.

खेचरालाही तो आवाज पसंत पडला नाही.