न उमललेली रुई

लातूर वेगळा जिल्हा झाला आणि भुजंगराव कारकुनांची उस्मानाबादहून लातूरला बदली झाली. इतक्या वर्षांनी ते रोज रेणापूरला घरी जेवायला येऊ लागले, तर लेक तारामती शिकायला नांदेडला.

त्या साली पावसानं दडी मारली होती. तारामतीला कॉलेजात दोन सख्ख्या जातींच्या रानफुलांची तुलना करून दाखवायची होती. रान सगळं करपलेलं. फुलं होती ती फक्त रुईला. पुस्तकात रुईच्या दोन जाती होत्या, पण नांदेडला शोधून शोधून एकच सापडली. तिनं घरी निरोप धाडला, आपल्याकडची रुई पाठवा.

शनिवारी भुजंगराव स्वतःच होस्टेलच्या दारात हजर. काखेत ओल्या फडक्याची गुंडाळी.

"चिकाला भिऊन एश्टीत कोणी जवळ बसंना," ते कौतुकानं म्हणाले.

तारामतीनं फडकं सोडलं. मोठाली जांभळट फुलं, सपाट पसरलेल्या पाकळ्या. नांदेडला होती तीच.

"लई चांगली हायती, बाबा."

"मंग तोंड का उतरलं?"

"हीच इथं बी हाय."

भुजंगराव ओशाळले. "निवडून आणली की गं. तळ्याकडच्या झाडाची तर धड उमललीच नव्हती. पाकळ्या उभ्याच्या उभ्या. म्हणून सोडली."

"टोकं जांभळी होती?"

"हाव. आतून पांढरी. वास बी येत होता जरासा."

"बाबा, ती उमललेलीच हाय! तिच्या पाकळ्या उभ्याच राहत्यात. मला तीच पाहिजे!"

भुजंगराव एकदम हसायला लागले. "म्हंजे जल्मभर मी तिला अर्धवट समजून राहिलो?"

दुसऱ्या दिवशी दोघं पहिल्या गाडीनं रेणापूरला आली. कोरड्या तळ्याच्या काठावर तारामतीनं बापाच्या तळहातावर दोन्ही फुलं ठेवली. एक ताटलीसारखं, दुसरं वाटीसारखं. एकीची कळी टोकदार, दुसरीची गोल. भुजंगरावांनी दोन्हींचा वास घेऊन पाहिला, पुन्हा घेतला. घरी येताना भेटेल त्याला जय भीम घालून ते फुलं दाखवत होते.

धुरपताबाईंनी आधी दोघांचे चिकट हात साबणानं धुवायला लावले. मग लेकीला पोटाशी धरलं.

"अशा जोड्या अजून किती हायत गं रानात?"

"लई हायत, आई."

"मंग एकेक करून बघ. घाई नको करू," धुरपताबाई म्हणाल्या आणि भाकरी थापायला बसल्या.