जोडीचं गाणं

“सोमवारी तानीला एकटी सोडू नको रं रवळू. मी नसले तरी तू जा.”

आईचं हे बोलणं रवळूला कधीही ऐकू यायचं. चहा गाळताना, उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर जॉब चढवताना, संध्याकाळी येळ्ळूरच्या वेशीतून गाडी आत घेताना. गुणाबाईनं, त्याच्या आईनं, ते खाटेवर पडल्या पडल्या सांगितलं होतं, आवाज न चढवता. रवळूनं एका कानातला इअरफोन काढून “व्हय आई” म्हटलं होतं. दुसऱ्या कानात ड्रम चालूच होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गेली.

रवळूनं शब्द मोडला नाही. दिवाळीपासून दर सोमवारी उजाडायच्या आधी तो तानीबाईच्या दारात गाडी उभी करायचा. तानीबाई आईची जन्माची मैत्रीण. नवरा नाही, लेक पिरनवाडीला दिलेली. ती पदर खोचून मागं बसायची, मांडीवर बेल-फुलाची परडी. शिवारातल्या महादेवाच्या देवळापाशी तो तिला उतरवायचा आणि बाहेर पिंपळाच्या पारावर बसायचा. कानात इअरफोन, समोर धुक्यात अर्धा बुडालेला राजहंसगड. ती बाहेर आली की तिला घरी सोडायचा, मग कामावर जायचा. आई असताना आत दोघी काय म्हणायच्या ते त्याला माहीत होतं. लहानपणी आईच्या मांडीवर पेंगत त्यानं ते गाणं ढीगभर ऐकलं होतं. त्याला वाटायचं, आता तानीमावशी एकटीच म्हणत असंल.

घर रिकामं होतं. सकाळी तुळशीपुढं दिवा लावणारं कुणी नव्हतं म्हणून तो स्वतः लावायचा, घाईनं, चपला पायात तशाच. मग लाज वाटून चपला काढायचा आणि परत हात जोडायचा.

त्याची माणसं होती ती फोनमध्ये. ग्रुपचं नाव ‘काळा शर्ट’. एके काळी हे चौघं खासबागेत समर्थच्या घरी माडीवर जमायचे. खाली समर्थच्या वडिलांचे माग चालायचे, खडाखड खडाखड, त्यामुळं वर कितीही धिंगाणा घातला तरी गल्लीला पत्ता लागायचा नाही. तेजस्वी ड्रम वाजवायची, समर्थ आणि आयुष गिटार, आणि रवळू गायचा. गायचा म्हणजे पोटातून गुरगुरायचा, वरडायचा. चारचौघांत तोंड न उघडणारा हा गडी माइक हातात आला की असा काही फुटायचा, की समर्थची आई खालून विचारायची, “कुणाला लागलं बिगलं न्हाय न्हवं?”

आता माग विकले गेले, माडीला कुलूप लागलं. समर्थ बेंगळुरूला, आयुष पुण्याला, तेजस्वी निपाणीत बँकेत. गावाजवळ राहिलेला एकटा रवळू. ग्रुपवर मात्र रोज गाणी पडायची, आणि नियम कडक होता: हेवी मेटल सोडून दुसरं काही टाकलं तर पुढच्या भेटीला सगळ्यांना कुंदा खायला घालायचा. भेट काही होत नव्हती, म्हणून कुंद्याची उधारी नुसतीच साठत चालली होती.

श्रावणातल्या एका रविवारी दुपारी ग्रुपवर तेजस्वीचा आवाज आला. “ऐका रे. आज नियम उलटा. मेटल सोडून तुमचं सगळ्यात आवडतं गाणं टाकायचं. खरं खरं. भाव खायला कायतरी परदेशी टाकलं तर त्याला ग्रुपातनं काढणार.”

मग समर्थनं एक जुनं कन्नड सिनेमातलं गाणं टाकलं, नदीकाठचं, हळवं. “आमची आज्जी रेडिओपाशी बसून रडायची ह्याला,” तो म्हणाला. “आता मी रडतो, ट्रॅफिकमध्ये.”

“तरी मला वाटलंच, तू आतनं लई रडका हाईस,” आयुष म्हणाला. त्यानं स्वतः एक भीमगीत टाकलं. त्याचे वडील दरवर्षी चौदा एप्रिलला निपाणीच्या वस्तीत म्हणायचे ते, बाजूला हलगी, मागं पोरांचा गोंगाट. “बाबांचा आवाज वरच्या पट्टीत फाटतो बघा, तिथं ऐका. तसला फाटका आवाज काढायला रवळ्या किती वर्षं धडपडला.”

तेजस्वीनं आपल्या शाळेची प्रार्थना टाकली. ती कुठं मिळाली नाही म्हणून आदल्या दिवशीच बँकेच्या जिन्यात उभी राहून तिनं स्वतःच म्हटली होती, मधे कुणीतरी “मॅडम, पासबुक” म्हणालेलंही त्यात होतं. सगळे हसले. मग सगळे रवळूवर आले.

“रवळ्या, बोल की.”

“ह्याचं काय असणार? लेथचा आवाज.”

रवळू ताटापुढं बसला होता. भात गार झाला होता. आवडतं गाणं कुठलं हे त्याला शोधावं लागलं नाही. कधी कुणी विचारलं नव्हतं एवढंच. त्यानं दार लोटून घेतलं, फोन ताटाशेजारी उभा केला, आणि खाकरून आईच्या चालीत म्हटलं,

“डोंगराच्या माथ्यावरी कोण एकला बसला?”

मग तो थांबला. आई जेवढी थांबायची तेवढा. आणि पुढची ओळ म्हटली,

“राखंमधी निजतो त्येला ऊब कोण देती?”

असं शेवटपर्यंत. स्वतःचा साधा आवाज त्यालाच परका वाटला, बारीक, कापरा, कपडे काढून चौकात उभं राहिल्यासारखा. पाठवून दिला आणि फोन पालथा ठेवला.

समर्थ हळू बोलला. “गुणामावशीचं ना रं हे?”

“व्हय.”

“पण मधे मधे गप्प का बसतोस? रेंज गेली व्हय?” आयुषनं विचारलं.

“दोघींचं गाणं हाय. आई इचारायची, तानीमावशी उत्तर द्यायची. माझ्याकडं निस्ते प्रश्न हाईत.”

“म्हणजे सगळी उत्तरं त्या मावशीकडं,” तेजस्वी म्हणाली. “मग आण की. उद्या सोमवारच हाय. फोन घेऊन जा आत.”

“बघतो,” रवळू म्हणाला.

आईला त्याचं मेटल कधी कळलं नाही, पण तिनं ते कधी बंदही करायला लावलं नाही. “झालं का तुझं भांडण? मग जेवायला ये,” एवढंच. एकदा मात्र ती कडधान्य निवडत बसलेली असताना त्याच्या स्पीकरमधून कुणी गोरा गायक जीव खाऊन वरडत होता, आणि तिनं मान वर करून विचारलं होतं, “त्यो मानूस एवढा का वरडतोय रं? त्येला कुणी उत्तर देईना व्हय?” रवळू तेव्हा पोट धरून हसला होता. ग्रुपवर पण सांगितलं होतं. आज भांडी घासताना त्याला ते आठवलं, आणि हसू काही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तानीबाई आत गेल्यावर तो पारावर बसला नाही. चपला काढून पायरीपर्यंत गेला, फोन चालू केला आणि दाराच्या आडोशाला हात पुढं करून उभा राहिला. आतून काहीच येईना. समईची वात तडतडली, कुठं तरी पाणी ठिबकत होतं. पिंडीवर बेल वाहून झाला होता. त्यानं वाकून बघितलं.

गाभाऱ्याच्या दाराशी दोन पाट मांडलेले होते, उंबऱ्याच्या डाव्या-उजव्या अंगाला, समोरासमोर. उजव्या पाटावर तानीबाई हात जोडून बसली होती. डावा रिकामा, पण पुसून, हळदी-कुंकू वाहून ठेवलेला. तानीबाईचे ओठ मिटलेले होते. ती समोरच्या पाटाकडं बघायची, थोडी थांबायची, मान हलवायची. परत बघायची, परत थांबायची. गाणं जेवढा वेळ चालायचं तेवढा वेळ ती तशी बसली. मग देवाला माथा टेकून, गुडघ्यावर हात देत उठली.

दिवाळीपासून तो बाहेर पारावर बसत आला होता. कानात एवढा दणका, की आत कुणी गात नाही हे त्याला कळलंच नव्हतं.

बाहेर आल्यावर त्याला दारातच बघून ती दचकली. “काय रं? उशीर झाला व्हय कामाला?”

“मावशी, तू म्हणत न्हाईस?”

“काय?”

“गाणं.”

तिनं परडी कमरेवर घेतली. “कसं म्हणू? इचारणारी गेली न्हवं? उत्तर हाय माझ्याजवळ, पण कुणी इचारल्याबिगार कसं देऊ? आणि आपुनच इचारायचं न् आपुनच सांगायचं, तसं चालत न्हाय ह्यात. आमच्या आधीच्या बायकांनी तसंच घालून दिलंय.”

“मग दुसरं कुणी?”

“गावातल्या सुना कामाला जात्यात सकाळच्या. शेजारची मालुबाई म्हणाली, मी बसते, पाठ करून घ्या. पण ते काय पाठ करायचं असतंय? ज्येच्या कानात लहानपणापास्नं हाय, त्येनं आपनहून बसायचं. बलवून आणलेली जोड देवाफुडं बसवायची न्हाय.” ती गाडीकडं चालू लागली. “ऱ्हाऊ दे आता. फुडच्या सोमवारी श्रावण सरतोय. उद्यापन करते. दोन्ही पाट पुजाऱ्याला देऊन टाकते न् मोकळी होते.”

“म्हणजे गाणं संपलं?”

“माझ्यापुरतं अर्धं हाय की. मनात म्हणते.”

रवळूनं गाडीला किल्ली लावली, फिरवली नाही. “आईनं सांगितलं होतं, तुला एकटी सोडू नको म्हणून.”

“मग?” तानीबाई मागं बसत म्हणाली, आणि तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, खरोखर नव्हता. “सोडत न्हाईस की. न्हेतोस, आणतोस. एवढं कोण करतंय आजकाल कुणाचं?”

तेच त्याला जास्त लागलं. तिच्या दारात तिनं दर सोमवारसारखं प्रसादाच्या खडीसाखरेचं पान त्याच्या हातावर ठेवलं. त्यानं ते खिशात टाकलं आणि दिवसभर विसरला. संध्याकाळी खिसा चिकट झालेला.

त्या आठवड्यात ग्रुपवर तेजस्वीनं दोनदा विचारलं, उत्तरं आणलीस का. त्यानं लिहिलं, “अजून न्हाय.” कारखान्यात लेथ चालू झाली की तो मशिनवर वाकून आईच्या ओळी म्हणायचा. तिथं कुणाला ऐकू जायचं नाही, खासबागेतल्या माडीसारखंच. वरडताना त्याला कधी भीती वाटली नव्हती. वरडणाऱ्याला चुकायला जागा असते. इथं आवाज सरळ, उघडा ठेवायचा होता. दोनदा स्वर घसरला. शेजारच्या मशिनवरचा गुंडू कपाळाला आठी घालून म्हणाला, “काय रं, पोटात दुखतंय काय?”

“न्हाय. देवाचं म्हणतोय.”

“तू?” गुंडू त्याच्या काळ्या शर्टावरच्या कवटीकडं बघत हसला. “देव पळून जाईल की लेका.”

रवळूही हसला. पण ते डोक्यात राहिलं. गडीमाणूस, असले शर्ट घालणारा, बायकांच्या पाटावर जाऊन बसणार. तानीमावशी उठून गेली तर? गाव काय म्हणेल ते एक वेळ राहू दे, पण तिनं नुसतं “तू नको रं बाळा” म्हटलं, तर त्यानंतर दर सोमवारी तिच्या दारात गाडी कशी लावायची? तेवढंच एक दार उरलं होतं त्याला गावात.

विचारून घ्यावं असं रविवारी दोनदा मनात आलं. तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेला आणि परत आला. विचारलं म्हणजे तिनं बोलावल्यासारखं होणार. आपणहून बसायचं, असं ती म्हणाली होती.

रात्री त्यानं जेवण केलं नाही. आई सोमवारचा उपास आदल्या रात्रीपासून धरायची.

सोमवारी तो उठला तेव्हा गल्ली झोपलेली होती. गार पाण्यानं आंघोळ केली. शर्ट शोधायला वेळ लागला. पांढरा एकच होता, आईच्या दिवसकार्याला घातलेला, घडीवर पिवळा पडलेला. तुळशीपुढं दिवा लावला, या खेपेला चपला आधी काढून. परसातला बेल तोडला, तीन-तीन पानांची डहाळी बघून, किडकी टाकून. फोन चार्जिंगला होता. ग्रुपवर समर्थनं रात्री काही टाकलेलं दिसत होतं. इअरफोन भिंतीच्या खिळ्याला अडकवलेले होते. त्यानं दोन्हीकडं बघितलं आणि दोन्ही तिथंच ठेवलं.

गाडी त्यानं सुरू केली नाही. तिच्या आवाजात, आईच्या पाटावर बसून विचारायची ओठावरची पहिली ओळ बुडाली असती. बेल ओंजळीत धरून तो दाराबाहेर आला, दार मागं नुसतं ओढून घेतलं, आणि तानीबाईच्या घराकडं चालत निघाला, अनवाणी.